दुभाषीबाईंचा मोकळा दिवस

घड्याळाच्या मनोऱ्याच्या तीनशे बारा पायऱ्या चढून झाल्यावर शेठ कठड्याला टेकले, रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "बाई, ह्यांना विचारा, जे खालून दिसत होतं तेच बघायला आपण वर आलो का?"

दुभाषीबाईंनी ते जसंच्या तसं यजमानांना सांगितलं. यजमान हसले आणि काहीतरी बोलले. बाई शेठकडे वळून म्हणाल्या, "हो, पण इथून माझा कारखाना दिसतो, म्हणून मी सगळ्या पाहुण्यांना वर आणतो. मी स्वतः मात्र दमतो."

पहिल्या दिवशी असल्या "मी"वर शेठचे मेहुणे तोंडात रुमाल कोंबून हसले होते. सत्तावन्न वर्षांची, राखाडी कपड्यांतली, चष्म्याची बाई "मी कारखाना काढला, मी लग्न केलं, मला टक्कल पडलं" असं म्हणते म्हटल्यावर कोण हसणार नाही? पण बाईंच्या धंद्याची रीतच ती होती. "ते म्हणतात की" हे तीन शब्द चांगला दुभाषी तोंडातून काढत नाही. बोलणाऱ्याचा 'मी' तोच आपला 'मी'. तीस वर्षं बाई अशी दुसऱ्यांची तोंडं लावून फिरत होत्या. कधी सिमेंटवाल्यांची, कधी औषधवाल्यांची, एकदा तर सर्कसवाल्यांची. घरी परतल्यावर कधीकधी कुलूप उघडताना शेजारणीला "आलो हं मी" म्हणायच्या आणि मग स्वतःच कपाळाला हात लावायच्या.

ह्या खेपेचे शेठ बटणवाले होते. बाजारात त्यांना बटणशेठच म्हणत. सदऱ्याचं चार भोकांचं बटण, हा त्यांचा जन्माचा विषय. ती बटणं पाडणारं नवं यंत्र घ्यायला ते ह्या परक्या शहरात आले होते, आणि "भावोजींना एकटं सोडू नको" असं बहिणीने बजावल्यामुळे मेहुणे आले होते. तीन दिवस यजमानांच्या कारखान्यात गेले. यंत्राचा आवाज, तेलाचा वास, आणि मध्ये उभ्या राहून दोन्हीकडचं बोलणाऱ्या बाई. "साचा किती अंशांना तापतो?" "भोक पडताना कडेला कपचा उडतो का?" अशा प्रश्नांची त्यांनी आधी महिनाभर घोकंपट्टी केली होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सह्या झाल्या. चौथा दिवस यजमानांनी शहर दाखवायला ठेवला होता. पाचवा मोकळा. विमान संध्याकाळी सातचं.

बाईंचा सगळा जीव त्या पाचव्या दिवसात होता. कारण ह्या शहरात त्यांची धाकटी बहीण राहत होती.

अकरा वर्षांपूर्वी धाकटी नवऱ्यामागोमाग इथे आली. एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम मिळालं. चार वर्षांपूर्वी वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तिचे राहण्याचे कागद कचेरीत अडकले होते. देश सोडला तर परत येता आलं नसतं. सात महिने बाईंनी एकटीने काढले. वडील गेले, आणि तिसऱ्या दिवशी धाकटीचा फोन आला, "ताई, कागद मिळाले. तिकीट काढलंय. आत्ता निघतेय."

बाईंना त्या दिवशी झोप नव्हती, पोटात अन्न नव्हतं. त्या म्हणाल्या, "आता येऊ नकोस. आता इथे तुझं काही काम नाही."

धाकटी आली नाही.

त्यानंतर भांडण असं झालंच नाही. वाढदिवसाला फोन होत, तब्येतीची चौकशी होई, हवा कशी आहे ते विचारून होई. दोनदा बाईंनी ते वाक्य मागे घ्यायचं ठरवून फोन लावला आणि दोन्ही वेळा "तिकडे थंडी पडली का गं?" ह्यावर गाडी अडली. हे फोनवर होणारं नव्हतं. समोर बसून, तोंडाकडे बघूनच म्हणायला हवं होतं. ह्या शहराचं काम आलं तेव्हा बाईंचे गुडघे कुरकुरत होते, तरी त्यांनी ते घेतलं ते एवढ्यासाठी. धाकटीनेही एका सहकारिणीशी पाळी बदलून घेतली होती. सकाळी नऊला ती हॉटेलवर न्यायला येणार होती. नऊ ते तीन, सहा तास.

शेठना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. कामावर असताना आपल्या घरचं बोलायचं नाही, हा बाईंनी स्वतःच्या कानाला लावलेला खडा होता. दिवस मोकळाच आहे, तर सांगायचं कशाला, असा त्यांचा हिशेब.

मनोरा उतरल्यावर राजवाडा झाला. तिथे एकोणीस दालनं होती आणि प्रत्येक दालनात सेनापतींच्या तसबिरी. शेठ तसबिरींकडे बघत नव्हते, तसबिरीतल्या कोटांकडे बघत होते.

"हे बघ, अठरा बटणं," ते मेहुण्यांना म्हणाले, "आणि लावायच्या कामाचं एकही नाही. नुसता दिमाख."

"भावोजी, हळू. रखवालदार बघतोय."

"बघू दे. त्याचं तिसरं बटण तुटलंय."

यजमानांनी विचारलं, पाहुण्यांना चित्रं आवडली का? बाईंनी तेही सांगितलं आणि तिसऱ्या बटणाचंही सांगितलं. यजमान मनापासून हसले, आणि मग त्यांनी प्रत्येक दालनाचा इतिहास सांगितला. तो बाईंनी सांगितला. शेठच्या शंका बाईंनी विचारल्या. एकोणीस दालनं बाईंनी उभ्याने बोलून काढली. त्यांतलं एकही त्यांनी पाहिलं नाही, कारण दुभाष्याची नजर बोलणाऱ्याच्या ओठांवर असते. मेहुणे दर दालनात एकेक खुर्ची गाठत होते. "म्याडम, तुम्ही पण टेका की," असं ते आग्रहाने म्हणायचे, पण बसलेल्या माणसाचं बोलणं मागच्यांना ऐकू जात नाही.

राजवाड्यानंतर पूल, पुलानंतर जुना बाजार. पायांचे तुकडे पडायची वेळ आली तेव्हा साडेपाच झाले होते आणि यजमान म्हणाले, आता जेवण. त्यांच्या म्हाताऱ्या आई लवकर जेवतात, त्या तिथेच येणार आहेत.

नदीकाठचं जेवणघर होतं. पांढरे टेबलपोस, प्रत्येकापुढे तीन-तीन ग्लास, खिडकीतून तिरपं ऊन. यजमानांच्या आई चौऱ्याऐंशीच्या. काठी खुर्चीला अडकवून त्या बाईंच्या शेजारी बसल्या. त्यांच्या झग्याला शिंपल्याची बटणं होती. शेठनी बसल्या बसल्या ती हेरली आणि त्यांचा चेहरा उजळला.

मेजवान्यांत दुभाषी जेवत नाही. म्हणजे ताट सर्वांसारखं समोर येतं. पण इकडचा घास चावत असतो तेव्हा तिकडचा बोलत असतो, आणि तिकडच्याने घास घेतला की इकडच्याला कंठ फुटतो. म्हणून बाई येण्याआधीच दोन केळी खाऊन आल्या होत्या. सूप आलं, त्यावर साय धरली, सूप गेलं. मासे आले. मेहुणे प्रत्येक बशीकडे संशयाने बघत विचारत होते, "ह्यात काय आहे?" आणि उत्तर ऐकून, "नको, पाव आहे ना, पाव बरा," म्हणत होते.

"खा, गार होतंय," म्हाताऱ्या आजी बाईंकडे बघून म्हणाल्या.

"खा, गार होतंय," बाई शेठना म्हणाल्या.

शेठनी मुकाट्याने आणखी एक तुकडा घेतला.

आजींनी सुनेला समजवावं तसं पुन्हा म्हटलं, "अगं, थोडं तरी खा."

"थोडं तरी खा," बाईंनी पोचवलं.

"म्हातारी भारी आग्रही दिसते," शेठ घास गिळत म्हणाले, पण त्यांनी तिसराही तुकडा घेतला.

नऊ तास बोलून झाले होते. बाईंचं डोकं आता एखाद्या दारासारखं झालं होतं. इकडून ढकललं की तिकडे उघडायचं, तिकडून ढकललं की इकडे. आजींनी आपला सुरकुतलेला हात बाईंच्या हातावर ठेवला आणि हळूच विचारलं, "ह्या शहरात तुझं कोणी आहे का?"

"ह्या शहरात तुमचं कोणी आहे का?" बाईंनी शेठना विचारलं.

"आमचं कोण असणार इथे?" शेठ म्हणाले. "बटणांशिवाय जगात कुणाशी ओळख नाही. उद्याचा अख्खा दिवस मोकळा आहे म्हणावं. काय दाखवायचं ते दाखवा."

बाई आजींकडे वळल्या आणि त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, "माझं कोणी नाही. उद्याचा अख्खा दिवस मोकळा आहे."

आजींनी हात थोपटला. यजमान तर खूशच झाले. त्यांनी लगेच फोन काढला, कुणाशी तरी बोलले आणि सांगू लागले. बाई बोलू लागल्या, "उद्या सकाळी आठ वाजता मी गाडी पाठवतो. शहराबाहेर मोठं तळं आहे. नावेतून बेटावर जाऊ, तिथे जेवू, तिथूनच थेट विमानतळ."

बाईंना वहीत आकडे टिपायची सवय होती. त्यांनी 'सकाळी ८' लिहिलं. त्याच पानाच्या कोपऱ्यात, त्यांच्याच अक्षरात, आधीपासून '९ - ताईला न्यायला' असं लिहिलेलं होतं. धाकटीचा निरोप त्यांनी तिच्याच शब्दांत उतरवला होता.

आजींनी तो प्रश्न कुणाला विचारला होता, ते त्यांना आत्ता कळलं. हात कुणाच्या हातावर होता? पुढचं मागचं सगळं उलगडलं. मासे खा म्हणत होत्या तेही त्यांनाच.

तीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती. पण आता तिचं काय करायचं? यजमानांनी नाव ठरवली होती, शेठ बेटाची चौकशी करत होते, मेहुणे नावेत उलटी होते का ते विचारा म्हणत होते. बाईंनी विचारलं. होत नाही म्हणाले. बाईंनी सांगितलं. मग त्या "आलेच" म्हणून उठल्या आणि हात धुवायच्या खोलीत जाऊन आरशासमोर उभ्या राहिल्या. चेहरा ओल्या फडक्यासारखा दिसत होता.

दोन वाटा होत्या. एक म्हणजे बाहेर जाऊन भर टेबलावर आपली चूक कबूल करायची. दुभाष्याने स्वतःचं काही बोलायचं म्हणजे नाटकातल्या पडद्याने मध्येच संवाद म्हणण्यासारखं. दुसरी वाट सोपी होती. बाईंनी ती धरली. फोन काढला आणि धाकटीला निरोप लिहायला घेतला: 'काम निघालं. उद्या येऊ नकोस.'

'नकोस'वर बोट थांबलं.

बाईंनी 'येऊ नकोस' हे दोन शब्द वाचले. पुन्हा वाचले. मग एकेक अक्षर पुसत त्या मागे मागे गेल्या, पान कोरं होईपर्यंत. गार पाण्याचा हबका तोंडावर मारला आणि बाहेर आल्या.

बसल्या नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

"शेठ, माझ्याकडून चूक झाली."

"कुठे? कागदात?" शेठचा हात खिशाकडे गेला.

"कागदात नाही. मघाशी आजींनी विचारलं ना, ह्या शहरात कोणी आहे का, ते मला विचारलं होतं. मी चुकून तुम्हाला विचारलं."

"मग?"

"आहे. माझी सख्खी बहीण आहे. उद्या नऊला मला न्यायला येणार आहे."

मेहुण्यांनी पाव खाली ठेवला.

"अहो, मग सांगायचं की म्याडम!"

"चार दिवस आमच्याबरोबर आहात," शेठ म्हणाले. त्यांना खरोखर लागलं होतं. "माझ्या मधुमेहापासून माझ्या सुनेच्या बाळंतपणापर्यंत तुम्हाला सगळं ठाऊक. आणि गावात सख्खी बहीण आहे हे एका शब्दाने नाही? आम्ही काय माणसांत जमा नाही का?"

"कामात घरचं बोलत नाही मी."

"ते ठीक. पण उद्या? ठरलंय विमानतळापर्यंत. आम्ही दोघं काय मुक्यासारखे नावेत बसणार?"

बाईंचे पाय ठणकत होते, घसा बसला होता. मग त्या म्हणाल्या, "बसा."

मेहुण्यांना ठसका लागला.

"तळ्यात पाणी आहे, बेटावर झाडं असतील," बाई म्हणाल्या. "त्याला दुभाषी कशाला? जेवताना तुम्ही यजमानांना बटणं दाखवा, ते तुम्हाला दाखवतील. मी उद्या येणार नाही, शेठ. माझ्याने होणार नाही. चारला विमानतळाच्या दाराशी असेन."

शेठनी टेबलपोसावरचे पावाचे कण बोटाने एका ओळीत लावले. यजमान कधी ह्यांच्याकडे तर कधी त्यांच्याकडे बघत होते. चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांना काही कळत नव्हतं आणि सांगायला कोणी नव्हतं.

"सह्या व्हायच्या असत्या तर सोडलं नसतं," शेठ शेवटी पुटपुटले. सह्या कालच होऊन गेल्या होत्या, पण काहीतरी अडवून धरल्याशिवाय त्यांना कबूल होता येत नसे. "जा. पण चार म्हणजे चार. सव्वाचार नाही."

मग बाई आजींकडे वळल्या. त्यांच्या भाषेत बोलायला तोंड उघडलं आणि काय म्हणायचं ते सुचेना. भाषांतर करायला समोर कोणी बोललंच नव्हतं. "मला... माझी बहीण आहे इथे," त्या शाळकरी पोरीसारख्या अडखळत म्हणाल्या. "मघाशी मी चुकीचं सांगितलं."

"थोरली की धाकटी?" आजींनी विचारलं.

"धाकटी."

"मग चूक तुझीच असणार," आजी म्हणाल्या आणि बशी त्यांच्यापुढे सरकवली. त्या काय ओळखून म्हणाल्या ते आजीच जाणोत. शेठनी "काय म्हणाली, काय म्हणाली?" असं दोनदा विचारलं. बाईंनी सांगितलं नाही.

सकाळी नऊला पाच मिनिटं कमी असताना धाकटी हॉटेलच्या दारात उभी होती. भांगात दोन बोटं पांढरं झालं होतं. दोघींनी एकमेकींना मिठी मारली ती बॅग मध्येच ठेवून, त्यामुळे ती धड झाली नाही.

घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. "गुडघे?" धाकटीने दुसऱ्या मजल्यावर विचारलं. "चालतंय," बाई म्हणाल्या. दारामागे जोड्यांची फळी, तिच्यावर प्रयोगशाळेचे पांढरे बूट. दोन खोल्या, स्वयंपाकघरात दोघींपुरतं टेबल. नवरा कामावर गेला होता. धाकटीने चहा ठेवला. बाई कोचावर टेकल्या आणि मनातल्या मनात वाक्य जुळवू लागल्या. रात्रभर जुळवलंच होतं. तीन निरनिराळे मजकूर तयार होते.

"दोन मिनिटं पाय वर घेते हं," त्या म्हणाल्या.

जाग आली तेव्हा अंगावर पांघरूण होतं, ऊन भिंत बदलून गेलं होतं आणि घड्याळात अडीच वाजत होते. धाकटी खिडकीपाशी कपड्यांना इस्त्री करत होती.

"अगं बाई! उठवायचं नाहीस का?"

"चारदा हाक मारली. तू झोपेत कुणाचं तरी काम करत होतीस."

"काय म्हणत होते?"

"'मी आपला फार आभारी झालो,' म्हणालीस. खर्जात." धाकटीला हसू आवरेना. बाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू यायला लागलं, ते त्यांनी चष्मा पुसून घालवलं. सहा तासांचे पाच तास झोपेत गेले होते. वरणभात पुढ्यात आला, तो त्यांनी घाईघाईने खाल्ला. जेवताना धाकटी नवऱ्याच्या पाठदुखीबद्दल सांगत राहिली. त्या हूं हूं करत राहिल्या. तीन वाजले.

जिना उतरताना धाकटीने बॅग घेतली. तिसऱ्या मजल्यावर बाई कठडा धरून थांबल्या. रात्री जुळवलेल्या तीन मजकुरांतला एकही आठवेना.

"मी तुला येऊ नकोस म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "बाबा गेल्यावर."

"हो."

"तसं म्हणायला नको होतं. चुकलं माझं."

धाकटी एक पायरी खाली होती. ती वळली नाही. बॅग या हातातून त्या हातात घेतली.

"मी तेव्हा दाराशी होते, ताई. वरच्या त्या जोड्यांच्या फळीपाशी. टॅक्सी खाली उभी होती."

"हं."

"चुकलं म्हणालीस ते बरं केलंस." पुढचा जिना दोघी उतरल्या. दुसऱ्या मजल्यावर ती म्हणाली, "पण मला अजून राग आहे."

"असू दे," बाई म्हणाल्या.

"तो असा एका दुपारीत जायचा नाही."

"नाही जायचा."

"आणि तू ती दुपारही झोपून काढलीस."

रस्ता ओलांडला, थांबा आला, विमानतळाची बसही लगेच आली. बाईंनी बॅगेसाठी हात पुढे केला. धाकटीने बॅग दिली नाही. ती तशीच, घरातल्या चपला आणि बाहीवर इस्त्रीच्या पाण्याचा डाग घेऊन, पुढच्या दाराने बसमध्ये चढली. मागोमाग बाई चढल्या.

"अगं, तुझी उद्या सकाळची पाळी असेल ना?"

"ते मी बघते." खिडकीची जागा धाकटीने बाईंना दिली आणि बॅग मांडीवर घेऊन शेजारी बसली. बस हलली.

"विमानतळ यायला किती वेळ?" बाईंनी विचारलं.

"चाळीस मिनिटं." मग तिने घसा खाकरला. "सात महिन्यांचं मला काही ठाऊक नाही. फोनवर तू नुसतं 'बरे आहेत' म्हणायचीस. बाबा शेवटी काय खायचे, काय बोलायचे, माझं नाव काढायचे की नाही, काही नाही. पहिल्या दिवसापासून सांग. गाळू नकोस."

बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. बाहेर काल पाहिलेला पूल मागे जात होता.

"पहिल्या दिवशी," त्या म्हणाल्या, "ते मोरीत पाय घसरून पडले, आणि मला म्हणाले, धाकटीला कळवू नकोस, ती उगाच काळजी करेल."